दंत-इम्प्लांटचे पृष्ठलेप आणि स्थैर्याची कसोटी : धनजसारख्या ग्रामीण परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

जबड्याच्या हाडात बसविल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या इम्प्लांटवर कोणता लेप आहे किंवा त्याच्या पृष्ठभागावर कोणती प्रक्रिया केली आहे, यावर त्याचे स्थैर्य अवलंबून असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीमागील संशोधनाची चिकित्सा केली आहे. पृष्ठप्रक्रियेमुळे स्थैर्य लवकर येते, हे पुराव्याने सिद्ध आहे. परंतु त्यामुळे स्थैर्य अधिक काळ टिकते, हे त्याच पुराव्याने सिद्ध होत नाही. या दोन विधानांतील अंतर ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या परिसरातील तंबाखूच्या सवयी आणि पुनर्तपासणीतील अडचणी विचारात घेता, इम्प्लांटच्या मूल्यमापनाची कसोटीच बदलण्याची आवश्यकता आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : इम्प्लांट, पृष्ठलेप, हायड्रॉक्सिॲपटाइट, प्राथमिक व दुय्यम स्थैर्य, पेरिइम्प्लांटायटिस, खर्रा, ग्रामीण दंतआरोग्य.

१. प्रस्तावना

धनज हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. कापूस, सोयाबीन व तूर या कोरडवाहू पिकांवर येथील अर्थव्यवहार चालतो. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील जे जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत वाशीमचा समावेश होता. अशा परिसरात दात पडला की तो तसाच सोडून देणे किंवा कवळी बसविणे, हे दोनच मार्ग दीर्घकाळ लोकांना ठाऊक होते. गेल्या काही वर्षांत त्यांत ‘स्क्रूच्या दाताची’, म्हणजे इम्प्लांटची भर पडली. या उपचारासाठी रुग्ण तालुक्याच्या गावी किंवा अमरावती, अकोला यांसारख्या शहरांकडे वळतो.

तेथे त्याच्यासमोर साधे इम्प्लांट आणि ‘कोटिंगचे’ इम्प्लांट असे पर्याय ठेवले जातात. दुसरे महाग असते आणि ते ‘अधिक पक्के’ बसते, असे सांगितले जाते. पिकाच्या पैशातून किंवा उसनवारीतून खर्च करणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक किरकोळ नसतो. म्हणून ‘पक्के’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ काय आणि तो किती पुराव्यावर उभा आहे, हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा उरत नाही. त्याला सामाजिक बाजूही आहे.

२. स्थैर्य या संकल्पनेचे तीन स्तर

इम्प्लांटविषयक लेखनात स्थैर्य हा शब्द किमान तीन अर्थांनी येतो. हे अर्थ वेगळे न केल्यामुळे बराच गोंधळ निर्माण झाला आहे.

पहिले प्राथमिक स्थैर्य. लाकडात स्क्रू घट्ट बसावा, तसे इम्प्लांट हाडात यांत्रिक पकडीने बसते. ही पकड हाडाची घनता, छिद्र पाडण्याची पद्धत, इम्प्लांटचा आकार आणि त्यावरील आटे यांवर अवलंबून असते. लेकहोम आणि झार्ब यांनी १९८५ साली हाडाचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी चौथा, म्हणजे वरच्या जबड्याच्या मागील भागात आढळणारा मऊ व सच्छिद्र प्रकार, या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. प्राथमिक स्थैर्यात पृष्ठलेपाचा वाटा अल्प असतो.

दुसरे दुय्यम किंवा जैविक स्थैर्य. छिद्राच्या कडेचे जुने हाड शरीर हळूहळू काढून टाकते आणि त्या जागी नवे हाड इम्प्लांटच्या पृष्ठभागाशी थेट सांधले जाते. जुनी पकड सैल होत असते आणि नवी पुरेशी तयार झालेली नसते, अशी एक संधिवेळ मध्ये येते. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात एकूण स्थैर्य सर्वांत कमी असते. १९९६ पासून मेरेडिथ यांनी प्रचारात आणलेल्या अनुनाद-वारंवारता पद्धतीने हे स्थैर्य मोजता येते आणि ते १ ते १०० या अंकांत मांडले जाते. पृष्ठप्रक्रियेचा खरा प्रभाव पडतो तो येथे.

तिसरे दीर्घकालीन स्थैर्य. एकदा सांधलेले हाड दहा-पंधरा वर्षे टिकते की नाही, हा प्रश्न येथे येतो. तो चावण्याचा भार, मुखस्वच्छता, हिरड्यांचे आरोग्य आणि रुग्णाच्या सवयी यांच्याशी निगडित आहे. रुग्णाला अभिप्रेत असलेला ‘पक्केपणा’ हाच असतो. संशोधनात मात्र सर्वाधिक मोजमाप दुसऱ्या स्तराचे झालेले आहे.

३. ‘लेप’ या शब्दाची व्याप्ती

दवाखान्यात ‘कोटिंग’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी येतात. पहिलीत धातूवर दुसरा पदार्थ चढविला जातो. उदाहरणार्थ, टायटॅनियमची भुकटी किंवा हाडातील खनिजाशी साम्य असलेले हायड्रॉक्सिॲपटाइट अतिउष्ण प्लाझ्माच्या झोतातून फवारले जाते. दुसरीत काहीच चढविले जात नाही, उलट धातू खरवडला जातो. कठीण कणांचा मारा करून आणि नंतर आम्लात बुडवून पृष्ठभाग खडबडीत केला जातो. तिसरीत विद्युत-रासायनिक क्रियेने टायटॅनियमचाच ऑक्साइड थर वाढविला जातो. नैसर्गिक थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो, तो काही मायक्रोमीटरपर्यंत नेला जातो.

हा भेद केवळ परिभाषेपुरता नाही. चढविलेला थर सुटू शकतो, विरघळू शकतो. खरवडलेल्या पृष्ठभागाला सुटण्यासारखा परका थरच नसतो. या प्रकारांचे यशापयश एकाच नावाखाली मांडणे म्हणजे भिंतीला लावलेला रंग आणि टाकीने घडवलेला दगड यांना एकच मोजपट्टी लावणे होय. आज बाजारात मिळणारी बहुसंख्य इम्प्लांट दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांना ‘लेप असलेली’ म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या सैल आहे. ज्याला ‘साधे’ म्हटले जाते, तेही बहुधा खडबडीत केलेलेच असते. त्यामुळे रुग्णासमोरची खरी निवड अनेकदा दोन प्रकारच्या खडबडीतपणातील असते.

४. लेपांचा इतिहास आणि त्यातील धडा

स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी इतके एकजीव झालेले आढळले की ते काढता येईना. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर टायटॅनियमची इम्प्लांट बसविली. ती लेथवर कातलेली, तुलनेने गुळगुळीत होती. या पद्धतीचा पंधरा वर्षांचा अहवाल आडेल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. ३७१ रुग्णांच्या ४१० दंतहीन जबड्यांत बसविलेल्या २७६८ इम्प्लांटचा त्यात विचार होता. वरच्या जबड्यात ८१ टक्के व खालच्या जबड्यात ९१ टक्के इम्प्लांट स्थिर राहिली. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्य झाली. कोणताही लेप नसताना हे यश मिळाले होते, ही गोष्ट पुढील चर्चेत अनेकदा विसरली गेली.

तथापि वरच्या जबड्यातील अपयश आणि काही महिन्यांची प्रतीक्षा या त्रुटी उरल्या होत्या. स्वित्झर्लंडमध्ये श्रोडर यांच्या गटाने टायटॅनियम फवारलेला पृष्ठभाग वापरात आणला. १९८० च्या दशकात हायड्रॉक्सिॲपटाइटचा लेप लोकप्रिय झाला. हाडाला हाडासारखाच पदार्थ मिळाला तर ते लवकर जुळेल, हा त्यामागील तर्क होता आणि सुरुवातीचे निष्कर्ष त्याला अनुकूल होते. बूझर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लहान जातीच्या डुकरांवर सहा पृष्ठभागांची तुलना केली. गुळगुळीत प्रकारांत हाडाचा थेट संपर्क २० ते २५ टक्के, टायटॅनियम फवारलेल्या प्रकारात ३० ते ४० टक्के, कणांचा मारा करून आम्लाने कोरलेल्या प्रकारात ५० ते ६० टक्के आणि हायड्रॉक्सिॲपटाइटच्या लेपावर ६० ते ७० टक्के आढळला.

केवळ आकडे पाहिले तर लेपाचा विजय झाला, असे म्हणावे लागेल. परंतु त्याच अभ्यासात त्या लेपाची झीज होत असल्याच्या खुणाही सातत्याने दिसल्या होत्या. फवारणीच्या उष्णतेत या खनिजाची स्फटिकरचना अंशतः मोडते आणि असा भाग अधिक विद्राव्य असतो. शिवाय खनिज आणि धातू यांतील बंध हा हाड आणि खनिज यांतील बंधापेक्षा कमकुवत ठरू शकतो. तसे झाल्यास हाड लेपाला घट्ट धरते आणि लेपच धातूपासून सुटतो. १९९८ मध्ये आल्ब्रेक्टसन यांनी अशा इम्प्लांटच्या वापराविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. दुसरीकडे, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात लेप असलेल्या व नसलेल्या इम्प्लांटच्या टिकून राहण्यात मोठा फरक आढळला नाही. म्हणजे लेप घातक ठरला असे सरसकट म्हणता येत नाही. पण ज्या श्रेष्ठतेसाठी तो आणला गेला, तीही दीर्घकाळात दिसली नाही. यातील धडा असा की, काही आठवड्यांच्या प्राण्यांवरील प्रयोगात जो पृष्ठभाग प्रथम येतो, तो पंधरा वर्षांच्या मानवी वापरात प्रथम येईलच असे नाही.

५. लवकर मिळालेले आणि दीर्घकाळ टिकणारे

१९९० च्या दशकाच्या अखेरीस कणांचा मारा व आम्लकोरणी केलेला पृष्ठभाग प्रचारात आला. इम्प्लांटवर दात चढविण्यापूर्वीचा काळ त्यामुळे योग्य रुग्णांत सुमारे बारा आठवड्यांवरून सहा आठवड्यांपर्यंत आणता आला. २००४ मध्ये आल्ब्रेक्टसन व वेनरबर्ग यांनी सरासरी १ ते २ मायक्रोमीटर खडबडीतपणा असलेल्या ‘मध्यम खडबडीत’ पृष्ठभागांना हाडाचा प्रतिसाद अधिक चांगला मिळतो, असे मांडले. पुढे पाणी आकर्षून घेणारे पृष्ठभाग आले. लांग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मानवी स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास येथे विशेष उद्बोधक आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी नव्या पृष्ठभागावर हाडाचा संपर्क सुमारे ४८ टक्के, तर जुन्यावर सुमारे ३२ टक्के होता. बेचाळिसाव्या दिवशी मात्र दोन्हींवर तो सुमारे ६२ टक्के झाला. फरक खरा होता. त्याचे आयुष्य मात्र दोन आठवड्यांचे होते.

कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात एस्पोझिटो व सहकाऱ्यांनी २०१४ पर्यंतच्या २७ यादृच्छिक चाचण्यांचा विचार केला. त्यांत १५१२ रुग्ण व ३८ प्रकारची इम्प्लांट होती. कोणताही एक प्रकार दीर्घकालीन यशात श्रेष्ठ असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. गुळगुळीत इम्प्लांट सुरुवातीला निकामी होण्याचा कल किंचित अधिक, तर जुनाट संसर्गामुळे त्यांच्याभोवतीचे हाड झिजण्याचे प्रमाण कमी, असे मात्र मर्यादित पुराव्यावरून दिसले. या दोन निष्कर्षांत पृष्ठभागाच्या प्रश्नाचे सार आहे. जो खडबडीतपणा हाडाच्या पेशींना आधार देतो, तोच हाड खाली सरकून उघडा पडला की जंतूंच्या थराला आसरा देतो.

इम्प्लांटभोवतीच्या या जंतुसंसर्गाला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात. डेर्क्स व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये स्वीडनमधील ५८८ रुग्णांची, उपचारानंतर नऊ वर्षांनी केलेली तपासणी प्रसिद्ध केली. ४५ टक्के रुग्णांत या विकाराची काही ना काही चिन्हे, तर १४.५ टक्के रुग्णांत मध्यम ते तीव्र स्वरूप आढळले. याच्या उलट चित्रही उपलब्ध आहे. बूझर व सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अहवालात, ३०३ रुग्णांतील ५११ आम्लकोरणी केलेल्या इम्प्लांटपैकी ९८.८ टक्के दहा वर्षांनंतर जागेवर होती आणि संसर्गाचे प्रमाण १.८ टक्के होते. विकाराच्या व्याख्या भिन्न असल्याने हे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. तरीही खडबडीत पृष्ठभाग असूनही दीर्घ यश शक्य आहे, हे दुसऱ्या अहवालावरून मान्य करावे लागते. ते यश बर्न विद्यापीठाच्या दवाखान्यात उपचार घेऊन दहा वर्षांनी पुन्हा तपासणीस आलेल्या रुग्णांचे आहे, हेही त्याबरोबर लक्षात घ्यावे लागते. पृष्ठभाग आणि त्याची निगा यांना वेगळे करून ते आकडे वाचता येणार नाहीत.

६. संशोधनातील रुग्ण आणि धनजचा रुग्ण

वर उल्लेखिलेले बहुतेक मानवी अभ्यास युरोपातील आहेत. त्यांत तंबाखूचा विचार झाला आहे, परंतु ती तंबाखू प्रामुख्याने सिगारेटची आहे. धूम्रपान करणाऱ्यांत खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांट अधिक चांगली टिकतात, असे काही अभ्यास सांगतात. विदर्भातील वस्तुस्थिती निराळी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. धनजच्या परिसरात तंबाखू म्हणजे मुख्यतः खर्रा: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेले मिश्रण. ते गालाच्या आतल्या बाजूस तासन्‌तास धरले जाते. स्त्रियांत मिश्री लावण्याची सवयही आढळते.

सिगारेट आणि खर्रा यांच्या परिणामांची जातकुळी एक नाही. खर्रा हिरडीच्या कडेशी थेट भिडतो, नेमक्या त्याच जागी जिथे इम्प्लांटभोवतीच्या मऊ ऊतींनी बाहेरच्या जंतूंना अडवून धरायचे असते. सुपारीमुळे तोंडाच्या आतील आवरण ताठर होऊन तोंड उघडणे कमी होते. अशा रुग्णाच्या मागील दाढेच्या जागी इम्प्लांट बसविणे अवघड, आणि बसविल्यावर तेथे ब्रश पोहोचविणे त्याहून अवघड. सिगारेट ओढणाऱ्याच्या हाडाविषयीचा निष्कर्ष खर्रा खाणाऱ्याच्या हिरडीला लावणे म्हणूनच धाडसाचे ठरते. येथे हाड पकड घेणार की नाही यापेक्षा, घेतलेली पकड हिरडीच्या बाजूने पोखरली जाणार की नाही, हा प्रश्न मोठा आहे. आणि त्याचे उत्तर लेपात नाही.

दुसरा मुद्दा पुनर्तपासणीचा. इम्प्लांटभोवतीचा संसर्ग प्रारंभी वेदनारहित असतो. रक्त येणे, किंचित सूज एवढ्याच खुणा असतात. तो ओळखायचा तर ठराविक काळाने हिरडीची खोली मोजणे आणि क्ष-किरण चित्र घेणे आवश्यक असते. धनजच्या शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या दृष्टीने अशी प्रत्येक तपासणी म्हणजे एक बुडालेला दिवस, प्रवासखर्च आणि दवाखान्याचे शुल्क. पेरणी, निंदण किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत ती टळते आणि दात दुखत नसल्यामुळे पुढेही टळत राहते. रुग्ण परत येतो तो इम्प्लांट हलू लागल्यावर. तोपर्यंत त्याचा खडबडीत भाग उघडा पडलेला असतो आणि तो निर्जंतुक करणे अत्यंत कठीण झालेले असते.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्रतीक्षाकाळ कमी झाल्याने ग्रामीण रुग्णाचाही लाभच होतो. तो अंशतः ग्राह्य आहे. वरच्या जबड्याच्या मऊ हाडात, मधुमेहासारख्या स्थितीत किंवा लवकर दात चढविणे आवश्यक असताना चांगली पृष्ठप्रक्रिया संधिवेळेतील धोका घटवते. तेथे तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु खालच्या जबड्याच्या घट्ट हाडात, जेथे सहा आठवड्यांऐवजी बारा आठवडे थांबण्यात रुग्णाला विशेष अडचण नाही, तेथे अधिक किमतीच्या पृष्ठभागातून तो विकत घेतो तो मुख्यतः काळ. तेवढाच पैसा पुढील पाच वर्षांच्या तपासण्या व सफाईसाठी राखून ठेवला, तर त्याच्या स्थैर्यात अधिक भर पडण्याची शक्यता आहे.

७. कसोटीची फेरमांडणी

या विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, पृष्ठभागाच्या श्रेष्ठतेचे दावे करताना स्थैर्याचा कोणता स्तर अभिप्रेत आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. चार आठवड्यांचे मोजमाप दाखवून आयुष्यभराच्या टिकाऊपणाचे आश्वासन देणे हा अनुमानाचा दोष आहे. दुसरी, रुग्णाला इम्प्लांटचे नाव, माप, पृष्ठप्रकार व तुकडीचा क्रमांक लिहिलेले कार्ड मराठीत दिले गेले पाहिजे, म्हणजे काही वर्षांनी वेगळ्या दवाखान्यात गेल्यावरही उपचाराचा धागा तुटणार नाही. तिसरी, विदर्भातील दंत महाविद्यालयांनी, विशेषतः नागपूर, अमरावती व सावंगी (मेघे) येथील संस्थांनी, खर्रा खाणाऱ्या रुग्णांतील इम्प्लांटच्या दीर्घकालीन नोंदी एकत्रितपणे ठेवणे गरजेचे आहे. नव्या लेपाचा आणखी एक प्रयोग करण्यापेक्षा अशी दहा वर्षांची साधी नोंदवही अधिक मोलाची ठरेल. ज्या रुग्णांत निगेची शाश्वती नाही, त्यांच्यात इम्प्लांटऐवजी कवळी किंवा ब्रिज सुचविणे, हाही मग कमीपणाचा न राहता पुराव्याला धरून केलेला निर्णय ठरेल.

८. निष्कर्ष

पृष्ठलेप व पृष्ठप्रक्रिया यांनी इम्प्लांटशास्त्राला दिलेले योगदान मोठे आहे. उपचाराच्या सुरुवातीच्या, सर्वांत नाजूक आठवड्यांत त्यांनी अपयश कमी केले. मात्र त्यांची परिणामकारकता ज्या कालमर्यादेत सिद्ध झाली, त्या मर्यादेबाहेर तिचे श्रेय त्यांना देता येत नाही. हायड्रॉक्सिॲपटाइटच्या लेपाने हा धडा एकदा शिकविला आहे. धनजच्या रुग्णाने ‘हा दात किती वर्षे टिकेल?’ असे विचारले, तर त्याचे प्रामाणिक उत्तर इम्प्लांटच्या पाकिटावर छापलेले नसते. ते त्याच्या हाडात, त्याच्या खर्ऱ्याच्या पुडीत आणि पुढच्या हंगामात तो तपासणीला येऊ शकेल की नाही, यात असते. स्थैर्याची कसोटी तेथपर्यंत नेल्याशिवाय पृष्ठलेपांचे मूल्यमापन अपुरेच राहील.